स्थैर्य कुणाचे आणि कुणाच्या जिवावर?

मराठी माणसाने काहीही मागितले की त्याच्यापुढे एक बुजगावणे उभे केले जाते. त्या बुजगावण्याचे नाव ‘आर्थिक स्थैर्य’! १९४८ च्या डिसेंबरात दार कमिशनने सांगितले की भाषावार प्रांत केले तर देश दुबळा होईल. १९५५-५६ साली मुंबईतल्या धनिकांनी आवई उठवली की मुंबई महाराष्ट्रात गेली तर भांडवल पळेल, शेअरबाजार बसेल, गिरण्यांची धुराडी थंड पडतील. स्थैर्य ढळेल हो, स्थैर्य ढळेल! या ओरडीपायी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा घाट घातला गेला आणि १०६ हुतात्म्यांचे रक्त सांडले. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पैशाचे स्थैर्य कशाशी खातात हे त्यांच्याहून अधिक कळणारा माणूस दिल्लीत कोण होता? त्यांनी मुंबईच्याच प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपदावर लाथ मारली.

पुढे १ मे १९६० उजाडला. मुंबईसह महाराष्ट्र झाला. भांडवल पळाले का? शेअरबाजार दलाल स्ट्रीट सोडून कुठे गेला? रिझर्व्ह बँकेने आपली कचेरी हलवली? साठ वर्षे उलटून गेली, सगळे जागच्या जागी आहे. गिरण्यांची धुराडी थंड पडली ती १९८२ च्या संपानंतर. त्याचे खापर संयुक्त महाराष्ट्राच्या माथ्यावर फोडण्याची हिंमत कुणाला होणार नाही.

बुजगावणे खोटे निघाले. पण म्हणून स्थैर्य हा शब्दच खोटा, असे आम्ही म्हणणार नाही. स्थैर्य हवेच. शेटजींपेक्षा हातावर पोट असलेल्याला ते अधिक हवे, कारण शेटजींचा एक हंगाम बुडाला तर बंगला राहतो, आणि आपला बुडाला तर पोराची शाळा सुटते. म्हणून ते कशावर उभे असते आणि कसे कोसळते, याचा हिशेब आम्ही मुंबईच्या फोर्टातून न मांडता आष्ट्याच्या पेठेतून मांडणार आहोत.

एका वाक्यावर टांगलेली पेठ

आष्टा हे वाळवे तालुक्यातले, कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधले गाव. पूर्वी सातारा जिल्ह्यात, १९४९ पासून दक्षिण साताऱ्यात, आणि १९६० च्या नोव्हेंबरपासून सांगली जिल्ह्यात. जिल्ह्याचे नाव बदलत गेले. मातीत ऊस आणि हळद आहे, आणि पैशाची वाट ठरलेली आहे. शेतकरी सोसायटीचे पीककर्ज काढतो. सोसायटीला पैसा जिल्हा बँक देते, जिल्हा बँकेला राज्य बँक. खताचा दुकानदार उधारीवर पोती देतो, कारण त्याला घाऊक व्यापारी उधार देतो. किराणेवाला वहीत मांडतो. मुकादम उचल घेऊन तोडीची टोळी आणतो. पोरीचे लग्न निघाले तर मंडपवाला म्हणतो, “बिल आलं की द्या, पळून का जाताय कुठं?” ही सगळी साखळी एका वाक्यावर टांगलेली आहे: ऊस जाईल आणि बिल येईल!

हे वाक्य सगळ्यांना खरे वाटते तोवर पेठ चालते. कुणाच्याच गल्ल्यात फारशी रोकड नसते, तरी सगळ्यांचे व्यवहार होतात. पण एक वर्ष बिल लांबू द्या. किराणेवाला वही मिटतो, खतवाला रोख मागतो, सोसायटी थकते, आणि काल जो जो थांबायला तयार होता तो तो आज सगळ्यांच्या आधी वसुलीला दारात उभा राहतो. जमीन तीच, ऊस तोच, माणसे तीच. उडाला तो विश्वास.

बँकेचेही असेच आहे. तुम्ही ठेवलेले हजार रुपये तुमच्या नावाची चिठ्ठी लावून तिजोरीत ठेवलेले नसतात. ते कुणाला तरी कर्जाऊ गेलेले असतात. सगळे ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले तर कितीही सचोटीची बँक असो, एकट्याच्या बळावर सगळ्यांचे पैसे त्याच दिवशी देऊ शकणार नाही.

तेव्हा काहीच न हलणे याला स्थैर्य म्हणत नाहीत. नदीला पूर येणार, पाऊस दगा देणार, भाव चढणार नि पडणार. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली. नदीकाठचा ऊस पाण्याखाली गेला, दुकाने बुडाली. तरी पुढे पेठा उघडल्याच. धक्का बसला म्हणून घर पडत नाही. घर पडते ते सगळा भार एकाच खांबावर असला तर, गाठीला शिल्लक नसली तर, किंवा खांब आतून पोखरला आहे हे घरातल्या माणसांना कळू दिले नाही तर. तिन्हींचे दाखले आपल्याच मुलुखात आहेत.

अमेरिकेत युद्ध, कुणब्याच्या दारी जप्ती

पहिला दाखला एका खांबाचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका वाहू लागला की समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेऊ लागले. त्याच भरात दख्खनच्या कुणब्यालाही सावकाराकडून सढळ हाताने कर्ज मिळाले. १८६५ च्या वसंतात ते युद्ध संपले. कापूस कोसळला, शेअर कोसळले, बँक ऑफ बाँबे डबघाईला आली आणि १८६८ साली गुंडाळावी लागली. ज्या कुणब्याने अमेरिका नकाशातसुद्धा पाहिली नव्हती त्याच्या गोठ्यातले बैल सावकाराच्या दावणीला गेले. त्यात सरकारने नव्या पाहणीत शेतसारा वाढवलेला!

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. नगर जिल्ह्यात लोण पसरले आणि एक ठिणगी आमच्या वारणेकाठच्या कोकरूडपर्यंत येऊन पोचली. या दंग्यांत लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. कर्जरोखे नि वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली. कागदच का? कारण त्यावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठे उठवलेले होते. १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याने काय ठरवले? दस्त गावच्या रजिस्ट्रारासमोर लिहिला जावा, सावकाराने फेडीची पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा. ऋणकोला न कळणारा हिशेब म्हणजे दंग्याचा दारूगोळा, हे गोऱ्या सरकारलाही कबूल करावे लागले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पेवातली शिल्लक

दुसरा दाखला शिल्लकीचा. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे ठाऊक नाहीत असा हळदवाला आमच्या भागात नाही. जमिनीत खोल खणलेली ती कोठारे. आत हळद उतरवायची, तोंड लिंपून बंद करायचे. कीड नाही, भुंगा नाही. भाव पडला तर पेव उघडू नये, चढला की उघडावे. बाजाराच्या लहरीपुढे शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला वर्ष-दोन वर्षे तग धरायला लावणारी ही गरिबाघरची रिझर्व्ह बँकच होती! पण ती सारी एकाच नदीच्या काठी. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि वर्षानुवर्षे सांभाळलेला माल भिजून गेला. शिल्लक असावी, हे हरिपूरने शिकवले. ती एकाच काठी असू नये, हेही हरिपूरनेच शिकवले.

कराडची पोखरलेली तुळई

तिसरा दाखला सर्वांत कडू. बँक ऑफ कराड ही आपल्या शेजारची, लहानशी बँक. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात तिचे नाव देशभर झाले. “तुमचे सरकारी रोखे आमच्यापाशी ठेवले आहेत,” अशा पावत्या या बँकेने मुंबईच्या बाजारात दिल्या. पाहायला गेले तर पावत्यांमागे रोखेच नव्हते. बँक बुडाली आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने तिचा कारभार पदरात घेतला. कराडच्या ठेवीदाराने काय पाप केले होते? त्याला एवढेच ठाऊक होते की पाटी ओळखीची आहे. आत काय चालले आहे हे सांगणारा एक शब्द त्याच्या कानी कुणी घातला नव्हता.

आणि सरकारची ढाल? ती नेहमी घाव बसल्यावर येते! १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा १९६२ च्या जानेवारीत ठेवींचा विमा आला. संरक्षण १५०० रुपयांचे. कराड बुडाल्यावर, १९९३ साली, ते एक लाख झाले. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, आणि ज्यांची जन्माची कमाई आत होती त्यांना पहिल्यांदा हजार रुपयेच काढता येतील असे सांगण्यात आले. कारण काय निघाले? कर्जाचा फार मोठा भाग एकाच घरबांधणी समूहाच्या घशात गेला होता, आणि ते लपवून ठेवले होते. एक खांब, तोही पोखरलेला! त्यानंतर २०२० च्या फेब्रुवारीत विमा पाच लाखांवर गेला. पाच लाखांच्या वर ठेव असलेल्याने आजही हा आकडा उंबऱ्यावर लिहून ठेवावा.

दुखणे वाटून घेतले म्हणून

मग स्थैर्य टिकते तरी कशाने? दुखणे वाटून घेतल्याने. ही पोथीतली गोष्ट नाही. आमच्याच जिल्ह्यात सिद्ध झालेली आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात वि. स. पागे यांनी १९६९ साली एक प्रयोग केला: जो काम मागेल त्याला काम. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली, पण रस्त्यांच्या नि पाझर तलावांच्या कामांवर लाखो माणसे उभी राहिली आणि गावे जगली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी तो अमलात आला. पाऊस गेला की काम आपोआप सुरू, पाऊस आला की माणूस आपोआप शेतावर परत. स्थैर्याचे यंत्र म्हणतात ते हेच! २००५ साली दिल्लीने देशभरासाठी रोजगाराचा कायदा केला तो याच पायवाटेने.

आता खरा प्रश्न विचारा. या कामांना पैसा आला कुठून? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या कचेऱ्यांतल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जाऊ लागले आणि ते आटपाडीच्या, जतच्या खडी फोडणाऱ्या बाईच्या पदरात पडू लागले. मुंबई जर १९५६ साली दिल्लीच्या ताब्यात गेली असती, तर हा कर कुठे गेला असता? विसापूरच्या रस्त्यावर खासच नाही! ‘मुंबईसह’ या शब्दासाठी जी माणसे गोळ्यांना छाती देऊन उभी राहिली, त्यांनी पुढच्या दुष्काळात किती चुली विझता विझता वाचवल्या याचा हिशेब कुणी केला आहे काय? आम्हाला स्थैर्याची भीती घालणाऱ्यांनी जे तोडायला काढले होते, तेच स्थैर्याचे मूळ होते. श्रीमंत शहर आणि कोरडवाहू गाव एका राज्यात, एका तिजोरीत, एका विधानसभेला उत्तर देणारे. एकाचे वर्ष वाईट गेले तर दुसऱ्याने हात द्यायचा. याला आम्ही राज्य म्हणतो.

फर्मान दिल्लीचे, फट आमची

आज पुन्हा साखळीला ताण बसतो आहे. उसाची एफआरपी २०१८-१९ ला क्विंटलला २७५ रुपये होती, ती उताऱ्याचा पाया वाढवून २०२५-२६ ला ३५५ झाली. खतामजुरीचा खर्च पाहता शेतकऱ्याला ती पुरतच नाही. पण साखरेचा किमान विक्रीदर २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ ठरला आणि पुढची सहा वर्षे तिथेच खिळून राहिला. मधली फट कारखाने कर्जाने बुजवतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने बिल चौदा दिवसांत द्यावे लागते. ते देण्यासाठी साखर तारण, आणि त्या तारणावर पुन्हा कर्ज.

या फटीवर तोड म्हणून इथेनॉल आले. केंद्रानेच व्याजाची सवलत देऊन आसवन्या उभारायला लावल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली! ओरड झाली तेव्हा आठवड्याभरात १७ लाख टन साखरेपुरती दारे किलकिली केली. बंदी पुरती उठायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. साखर महाग होऊ नये, हा हेतू आम्ही समजू शकतो. शहरातल्या गरिबालाही गोड चहा हवा. पण कर्ज काढून यंत्रे बसवणाऱ्याला हंगामाच्या आधी सांगायचे की मधेच? २०१६ च्या नोव्हेंबरातही हेच झाले. नोटबंदीनंतर सहाव्या दिवशी जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. गावची सोसायटी ज्या एका बँकेच्या जिवावर चालते तिचेच हात बांधले! निर्णय करणारा आणि निर्णय भोगणारा यांच्यात जेवढे अंतर, तेवढा धक्का मोठा.

न वाचता येणारा कागद

आणि हे अंतर सर्वांत लांब कुठे आहे? बेळगाव, खानापूर, निपाणीत! १९५६ साली तो मुलूख तिकडे ढकलला गेला. महाजन आयोगाने १९६७ साली दिलेला अहवाल महाराष्ट्राने नाकारला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि अजून त्या माणसाच्या पदरात निकाल नाही. त्याच्या जमिनीचा उतारा येतो तो कन्नडात. नोटिसा कन्नडात. मराठीत कागद द्या, म्हणून त्याला वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागतात.

कुणी म्हणेल, हा भाषेचा हट्ट. याचा अर्थकारणाशी संबंध काय? त्याने सुप्याचा बाजार आठवावा! ज्याला आपल्या जमिनीचा, कर्जाचा, फेडीचा कागद वाचता येत नाही, तो दलालाच्या तोंडाकडे पाहतो. दलालाच्या शब्दावर उभी असलेली पेठ आणि सावकाराच्या वहीवर उभी असलेली पेठ यांत फरक तो काय? विश्वास हा स्थैर्याचा खांब, आणि कळल्याशिवाय विश्वास नाही. कन्नड शेतकऱ्याशी आमचे भांडण नाही. त्याचा कागद त्याला कन्नडातच मिळाला पाहिजे. उद्या कुणी त्याला मराठी कागद देऊन अंगठा मागितला तर आम्ही त्याच्याही बाजूने उभे राहू. आम्ही मागतो ते एवढेच की हाच न्याय मराठी माणसाला मिळावा.

पण बेळगावकडे बोट दाखवताना आपल्याही घरात डोकावून पाहू या. मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले, फटाके उडवले. आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन बारीक इंग्रजी अक्षरांच्या कर्जकरारावर, “इथं सही करा, इथं करा, अजून इथं करा,” म्हटले तिथे तिथे सह्या केल्या! कारखान्याचा ताळेबंद छापून येतो, सर्वसाधारण सभेत “मंजूर, मंजूर” असा गजर होतो आणि सभासद जेवणाच्या पंगतीकडे वळतात. किती कर्ज, कुणाला, कशाच्या तारणावर, हे विचारणारा एक जण उठला तर त्याला खाली बसवले जाते. कराडची तुळई अशाच शांततेत पोखरली गेली होती.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. महाराष्ट्रात आणि सीमाभागात कर्जाचा, ठेवीचा, जमिनीचा प्रत्येक कागद मराठी माणसाला मराठीत मिळावा. बँकेने, पतसंस्थेने, कारखान्याने आपला ताळेबंद सभासदांना मराठीत समजावून सांगावा, आणि सर्वांत मोठ्या थकबाकीदारांची रक्कम त्यात उघड असावी. ऊस, साखर, इथेनॉल यांची धोरणे हंगाम सुरू होण्याआधी जाहीर व्हावीत आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नयेत. आणि सीमाभागाचा निकाल लागावा, कारण ज्या माणसाला आपण कुणाच्या तिजोरीचे वारस आहोत हेच सत्तर वर्षे ठाऊक नाही, त्याला स्थैर्य शिकवायला जाणे ही क्रूर थट्टा आहे.

सरकारकडे हे मागत असताना एक काम आपल्याच हातात आहे. येत्या सभेला जाल तेव्हा ताळेबंदाचे पान उघडा. न कळलेला आकडा दिसला की उठून उभे राहा आणि मराठीत विचारा, “हे काय हाय, नीट सांगा.” खाली बसवले तर पुन्हा उठा, शेजारच्यालाही उठवा. एकट्याचा प्रश्न दाबता येतो, सभेचा दाबता येत नाही. १८७५ साली लोकांनी न कळणारे कागद जाळले. आपल्याला काडी लावायची नाही. आपल्याला कागद वाचायचा आहे, आणि वाचल्याशिवाय सही करायची नाही.

जय महाराष्ट्र!